सोललेले शब्द

१

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्यांची आधीच माफी मागतो. मी नववीत शाळा सोडली. वर्गात उभं राहून धडा वाचायची वेळ आली की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं, पोरं हसायची, आणि एके दिवशी मी दप्तर कोपऱ्यात ठेवलं ते ठेवलंच. त्यामुळे शब्द साधेच येतील. हे लिहायला ताईने सांगितलं. "बोलता येत नाही तर लिही," म्हणाली, "पण पोटात ठेवू नकोस."

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं दुकान. बाबा पाट्या करतात. दारावरच्या, दुकानांवरच्या, गाड्यांच्या काचेवरच्या. भिंतीला लागून कटर उभा आहे. त्यात विनाइल, म्हणजे चिकट पाठीचा रंगीत प्लास्टिकचा कागद, घालायचा, संगणकावरून शब्द पाठवायचा, की एक बारीक पातं इकडून तिकडे फिरत अक्षरं कापतं. कापून झालं तरी वरून काही दिसत नाही. मग चिमटा घ्यायचा आणि अक्षरांच्या आजूबाजूचा फालतू विनाइल उचलून काढायचा, तेव्हा शब्द दिसायला लागतो. याला बाबा सोलणं म्हणतात. मराठी शब्द सोलायला सोपा. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकमेकाला धरून राहतो.

बाबांची अक्षरं बाजारात मिळत नाहीत. ब्रशने पाट्या रंगवायचे तेव्हाची त्यांच्या हाताची वळणं त्यांनी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये भरून ठेवली होती, आणि तो प्रोग्रॅम फक्त आमच्या जुन्या संगणकावर चालायचा. हिवाळ्यात तो संगणक आचके द्यायला लागला. त्याच हिवाळ्यात बाबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

माझं टोपणनाव लहानपणापासून मौनी. ताई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. बाबांना घरी आणलं त्या दिवशी ती त्यांची उशी नीट करत म्हणाली, "घ्या, आता घरात दोन मौनी. बोलायचं सगळं मीच." आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आम्ही तिघंच.

२

मी एक वापरलेला, पण बरा संगणक आणला. जुना प्रोग्रॅम त्याच्यावर चालेना. तेव्हा व्हिडिओ बघून बघून एक युक्ती शिकलो. एक सॉफ्टवेअर असतं, ते संगणकाच्या पोटात दुसरा संगणक तयार करतं. खराखुरा नाही, नुसता एका खिडकीत दिसणारा. पण त्या आतल्या बिचाऱ्याला वाटतं आपण खरेच आहोत. मी जुन्या संगणकाची अख्खी डिस्क जशीच्या तशी त्यात उतरवली. माइक, स्पीकर, कटरची वायर, सगळं आत जोडून दिलं. खिडकीत बाबांचा जुना निळा पडदा उघडला, तेव्हा ताई मागून म्हणाली, "अरे, हा तर मेला होता ना?"

त्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपशॉट नावाची सोय असते. सगळं नीट चालू असताना एक बटण दाबायचं. आतला संगणक त्या क्षणी जसा असेल तसा राखून ठेवला जातो. पुढे काही बिघडलं तर त्या क्षणावर परत जायचं. मधलं सगळं पुसलं जातं. मला हे फार आवडलं. आयुष्यात अशी सोय असती तर मी वर्गात बाकावरून उभं राहण्याच्या आधीच्या क्षणाचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला असता.

कटर पहिल्यांदा नीट चालला ती सकाळ होती. मी स्नॅपशॉटचं बटण दाबलं. बाबा शेजारी खुर्चीत बसले होते. त्यांनी डाव्या हाताने मिशी पुसली, समोरचा रिकामा पेला थोडा बाजूला सरकवला, आणि म्हणाले, "पाणी."

झटक्यानंतरचा पहिला शब्द. म्हणाले आणि स्वतःच चकित होऊन हसले. मी धावत जाऊन पाणी आणलं, ते अर्धं माझ्याच अंगावर सांडलं.

३

आठवड्यातून एकदा बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "हाताला कामात ठेवा. मेंदूत हात आणि जीभ शेजारी शेजारी राहतात."

म्हणून मी एक करायला लागलो. रोज सकाळी एक साधा शब्द बाबांच्या अक्षरांत कापायचा आणि त्यांच्या पुढ्यात काचेवर ठेवायचा. ते डाव्या हाताने, चिमटा थरथरत, सोलायचे. अक्षरं मोकळी होत जायची तसे त्यांचे ओठ हलायचे, आणि शेवटचा तुकडा निघाला की शब्द तोंडातून पडायचा. "दार." मग तो दारावर चिकटवायचा. "खिडकी." तो खिडकीवर. साखरेच्या डब्यावर साखर, घड्याळावर घड्याळ. ताई संध्याकाळी आली की पाठ दाखवून उभी राहायची, "माझ्यावरपण चिकटवा, नाहीतर मला चुलीवर ठेवाल!"

कटरचा आवाज मला पाठ झाला होता. बारीक खरखर, वळणाला किर्र, आणि शेवटी शिरोरेषेचा लांब सरळ फराटा. त्याच्याकडे पाठ करून बसलो तरी कुठला शब्द कापला जातोय ते मी सांगू शकायचो.

कापलेल्या प्रत्येक शब्दाची फाइल त्या आतल्या संगणकातच राहायची. बाहेर नक्कल ठेवायला पाहिजे होती. ठेवली नाही. त्याचं तेव्हा काही वाटलंही नाही.

४

एका सकाळी कटर अर्धी अक्षरं कापायला लागला. वायर बदलली, पातं बदललं, आतला संगणक बंद करून चालू केला. आतल्याला कटर दिसायचा आणि पुन्हा दिसेनासा व्हायचा. बागेच्या पाट्यांचं काम हातात होतं, झाडांच्या नावांच्या पाट्या. बागेचे मुकादम दारातून ओरडून गेले होते, "काय रे मौनी, झाडं वाळली तरी पाट्या येईनात! आता फांद्यांनीच आपापली नावं सांगायची का?"

मी तेच केलं जे कुणीही केलं असतं. पहिल्या सकाळच्या स्नॅपशॉटवर परत गेलो. सॉफ्टवेअरने विचारलं, आत्ताची अवस्था राखून ठेवू का? डिस्कवर जागा कमी होती. मी त्यापुढची खूण काढून टाकली. खिडकी काळी झाली, मग निळी. कटरने डोकं हलवलं आणि पहिल्यासारखा कापायला लागला.

बाबा शेजारी होते. त्यांनी डाव्या हाताने मिशी पुसली. समोरचा रिकामा पेला थोडा बाजूला सरकवला.

"पाणी," म्हणाले, आणि चकित होऊन हसले.

मीही हसलो. पाणी आणून दिलं. मग सहज दाराकडे बोट दाखवलं. "बाबा, ते काय?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारावर त्यांनीच सोललेला शब्द होता, काळ्या रंगात, त्यांच्याच वळणाचा. ते बघत राहिले. ओठ हलले नाहीत. मी खिडकी दाखवली, घड्याळ दाखवलं. ते माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मीच काहीतरी चुकीचं विचारतोय. "पाणी," ते पुन्हा म्हणाले, मला खूश करायला.

बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "असं होतं. या आजारात कधी पुढे, कधी मागे. धीर सोडू नका."

मी मान हलवली. खरंच असं होत असणार. मशीन मशीन आहे, माणूस माणूस आहे. पण पेला सरकवणारा तोच हात, तीच मिशी, तेच हसू, हे मी बाईंना सांगितलं नाही. ताईलाही नाही. सांगितलं असतं तर ताईने कपाळाला हात लावून पाहिला असता. आणि समजा तिने विश्वास ठेवला असता, तर पुढे विचारलं असतं, मग तू काय केलंस?

रात्री घरातल्या कुठल्याच वस्तूकडे बघवेना. प्रत्येकीवर तिचं नाव होतं.

५

पुन्हा सुरुवात केली. दार. खिडकी. या खेपेला बाबा लवकर शिकले, जणू वाट पायाखालची होती. मी मनाशी ठरवलं होतं, काही बिघडलं तरी स्नॅपशॉटला हात लावायचा नाही.

नंतर नंतर ते दोन शब्द जोडायला लागले. "चहा गोड." "ताई उशीर." ताई तर नाचायची बाकी होती. "मला उशीर झाला हे कळलं म्हणजे मेंदू जाग्यावर आला!"

मग ती दुपार. ताई कामावर होती. मी बागेच्या पाटीसाठी कटर लावला होता आणि त्याची तीच जुनी खोड पुन्हा सुरू झाली होती. अक्षरं अर्धीमुर्धी. मी वायर हलवत होतो. बाबा मला बराच वेळ बघत होते. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले,

"मशीन विक."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"मशीन विक," ते पुन्हा म्हणाले. कपाळावर घाम आला होता. प्रत्येक शब्द जणू विहिरीतून ओढून काढत होते. "तू... शाळेत जा."

झटक्यानंतरचं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. या खोलीत मला कुणी उभं राहून वाचायला सांगत नव्हतं. इथे मी पाठ करून बसलो तरी चालत होतं. मशीन गेलं तर मी पुन्हा त्या बाकावर, माझ्याहून लहान पोरांच्या मध्ये, तोंडाला कुलूप लावून. आणि बाबा हे संध्याकाळी ताईसमोर म्हणाले की संपलं. ताई म्हणजे काय, सकाळपर्यंत गिऱ्हाईक आणेल.

"हो बाबा," मी म्हणालो.

कटर बिघडला होता, हे खरं आहे. मुकादमांच्या पाट्या अडल्या होत्या, हेही खरं आहे. माझ्याकडे कारण होतं. मी माउस धरला तेव्हा तेच कारण मनात घोकत होतो. आणि तरी बटण दाबायच्या आधी मी संगणकाकडे नाही, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते अजून काहीतरी बोलायला ओठ जुळवत होते.

खिडकी काळी झाली. मग निळी.

बाबांनी डाव्या हाताने मिशी पुसली.

६

त्यानंतर ते सुधारले नाहीत. शब्द पुढ्यात ठेवला तर चिमटा उचलायचे, शब्दाकडे बघायचे, खाली ठेवायचे. बाई म्हणाल्या, तपासण्या करू.  ताईने दारावरचा शब्द नखाने थोडा उचकटला आणि पुन्हा दाबून बसवला.

मला जेवण जाईना. सारखं वाटायचं, मागे नेता येतं तर पुढेही आणता येत असेल. एका दुपारी ताई घरात नसताना स्नॅपशॉटची यादी उघडली. पहिल्या सकाळच्या खाली आणखी एक अवस्था होती. त्या दुपारची. घाईत मी राखून ठेवण्याची खूण काढायला विसरलो होतो. पुसलं गेलंय असं मी धरून चाललो होतो, ते सगळं इथे होतं.

बाबा शेजारच्या खुर्चीत होते. बाहेर ऊन होतं, खिडकीतून थेट काचेवर पडत होतं. कटरचं बटण बंद होतं, ते मी स्वतः पाहिलं.

ती अवस्था उघडली.

निळा पडदा आला. फाइली होत्या, सगळे शब्द ओळीने. मी बाबांकडे वळलो. "बाबा, ते काय?" दार दाखवलं. ते गप्प.

मग स्पीकरमधून खरखर आली. माइकमुळे होत असेल म्हणून मी आवाज कमी करायला हात पुढे केला आणि थांबलो. तो खोलीचा आवाज होता. आमच्या खोलीचा. पंख्याची टिकटिक, न्हाणीघरातला गळका नळ. पण आमचा पंखा त्या क्षणी बंद होता.

पंख्याच्या आवाजामागे आणखी बारीक काहीतरी. चिमटा काचेला लागल्याचा आवाज. थांबून. पुन्हा. कुणीतरी सोलत होतं. सावकाश, डाव्या हाताने सोलावं तसं.

"दार," बाबांचा आवाज आला.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. पण डावा हात काचेवर होता आणि बोटं चिमटा धरल्यासारखी जुळून हलत होती. स्पीकरमध्ये चिमटा थांबला की ती थांबायची, तो चालला की चालायची. काचेवर काहीही नव्हतं.

"खिडकी," आतून. "दार. मशीन विक. दार." थकलेला आवाज. खूप वेळ हेच करत असल्यासारखा.

मी हललो नाही. मनाशी म्हणत होतो, माइकने त्या दुपारी ऐकलेलं हे साठून राहिलं असेल, रेकॉर्डिंग असेल, अशा गोष्टी होतात. सगळं पटण्यासारखं होतं. मग माझ्या शेजारचे बाबा पडद्याकडे बघून, चकित होऊन, म्हणाले,

"पाणी."

स्पीकरमधला चिमटा थांबला.

"कोण आहे?" आतला आवाज म्हणाला.

मी श्वास रोखला. बाबांनीही रोखला होता.

"मौनी? तू आहेस का?" आणि मग, लहान मुलाने म्हणावं तसं हळू, "दिवा लाव रे. कधीचं दिसत नाहीये."

माझ्या तोंडाला कुलूप लागलं. वर्गात लागायचं तसंच. मला नुसतं 'हो' म्हणता आलं नाही. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत खाली नेलं. संगणक बंद केला नाही. बंद करायला हात झाला नाही, आणि आवाज पुन्हा वाढवायलाही झाला नाही. बाबांना धरून आतल्या खोलीत आणलं आणि मधलं दार लावून घेतलं. त्या दारावर दार लिहिलेलं होतं.

७

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो. ताईची रात्रपाळी होती, ती अजून यायची होती. पुढच्या खोलीतून पातं आणि विनाइलचा तुकडा उचलून आणला. पडद्याकडे पाहिलं नाही. आतल्या खोलीत जमिनीवर बसून, संगणकाशिवाय, हाताने कापायला लागलो. बाबांची वळणं मला डोळे मिटून येतात. तरी एक काना वाकडा गेला.

तुकडा बाबांच्या पुढ्यात ठेवला. ते आधी बघत राहिले. मग चिमटा उचलला. सोलायला खूप वेळ लागला. मी मदत केली नाही. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण शब्द पडला नाही.

ताई आली. चपला काढता काढताच म्हणाली, "आज दोन्ही मौनी जमिनीवर? काय उद्योग चाललाय?"

मी उठून उभा राहिलो. नीट, शाळेत उभं राहतात तसा. विनाइल दोन्ही हातांत धरला. कुलूप लागलं. ताई हसायला लागली होती ती थांबली. बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता मी बसेन. बसलो नाही.

"मशीन विक," मी वाचलं. "तू शाळेत जा."

"हे कुणी लिहिलं?"

"बाबा म्हणाले होते. त्या दुपारी. मला ते नको होतं, ताई. म्हणून मी ते पुसलं. त्यांचं सगळंच पुसलं."

"म्हणजे काय? पुसलं म्हणजे काय?"

मला पुढचं सांगायचं होतं. पण तेवढ्यात मधल्या दारापलीकडून, जिथे मी आवाज पूर्ण बंद करून ठेवला होता तिथून, बाबांनी "हं" म्हटलं. हिशोब जुळल्यावर म्हणायचे तसं.

बाबा आमच्यासमोर बसले होते, ओठ मिटून.

ताईने मान वळवली. दाराकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. एक चप्पल तिच्या हातातच होती. 

मी मधलं दार उघडून पुढच्या खोलीत गेलो. खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं, कटरवर, काचेवर, माझ्या हातांवर.

मी दिवा लावला.